मधला लेप

खडवलीस आमच्या घरीं गेल्या उन्हाळ्यांत नातवानें संगणक जुळविला. जन्मभर शब्दरूपें नि समास शिकविलेल्या आम्हांस यंत्रांतलें काय कळणार? परंतु त्या दिवशीं शिकण्याची पाळी आमची होती.

चिरंजीवांच्या मतें मुलानें बँकेच्या परीक्षेस बसावें. मुलाचें मन संगणकावर हलतीं चित्रें करण्यांत. दोन महिने बापलेकांत अबोला होता. मध्यस्थ आम्ही! रोज सायंकाळीं एकास पितृधर्म व दुसऱ्यास पुत्रधर्म समजावून सांगत असूं. आमचें निरूपण जों जों वाढे, तों तों घरांतला ताप चढे.

नातवानें शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून मुंबईस लॅमिंग्टन रोडवर जाऊन सुटे भाग आणले. प्रोसेसर काडेपेटीएवढा, पण काम करतांना ६५ वॉटपर्यंत उष्णता सोडणारा. ती ओढून घेण्यास त्यावर धातूचा ठोकळा व पंखा बसवितात. दोन्ही पृष्ठें गुळगुळीत दिसलीं तरी त्यांवर सूक्ष्म खांचखळगे असतात व त्यांत हवा अडकते. उष्णता वाहून नेण्यांत हवा अगदीं आळशी. तांब्याची वाहकता सुमारें ४०० मानली, तर त्याच मापानें हवेची अवघी ०.०२६! म्हणून मध्यें एक करडा लेप घालावयाचा. त्याची वाहकता साधारणतः ५ ते १०.

“वाटाण्याएवढा पुरे,” नातू म्हणाला.

आम्हांस तो कंजूषपणा वाटला. पुरणपोळीवर तूप वाढणाऱ्या हातानें आम्हीं पिचकारी घेतली व चांगला सुपारीएवढा लेप घातला. ठोकळा दाबतांच तो चहूंकडून बाहेर आला.

नातू हंसला. “आजोबा, हा हवेहून शेंकडों पटींनीं बरा, पण तांब्याहून कितीतरी मंद. यानें फक्त खळगे भरावयाचे. जाड थर राहिला, तर तोच आड येतो.”

आम्ही गप्प झालों. संस्कृतांत तेलासही स्नेह म्हणतात व मायेसही. पिठाचा गोळा ज्यामुळें होतो तो गुण स्नेह, हें न्यायशास्त्र शिकतांना आम्हीं घोकलें होतें. तो किती घालावा, हें मात्र कधीं मनांत आलें नव्हतें.

आयसोप्रोपिल अल्कोहोलनें सगळें पुसून नातवानें बेताचा थेंब घातला. मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळूं लागला. उजेड पुरेना. चिरंजीव दारांत उभे होते. एरवीं आम्हीं त्यांस बोलावून चार शब्द ऐकविले असते. त्या दिवशीं जीभ आवरली. ते आपण होऊन पुढें आले व त्यांनीं विजेरी धरली.

“अंधारांत कशाला करतोस?”

“जरा डावीकडे धरा, बाबा.”

दोन महिन्यांतले ते पहिले शब्द. परीक्षेचा प्रश्न अजून सुटलेला नाहीं. परंतु आतां वाद त्या दोघांत समोरासमोर होतो. आम्ही पलीकडच्या खोलींत पुस्तक वाचीत बसतों. मधूनमधून उठावेसें वाटतें. पण उठत नाहीं.