पाव गोळी

साडेनऊला जेवण, दहाला अल्प्राझोलामची ती चिमुकली गोळी, आणि मग मावशी अख्खीच्या अख्खी विझायची. कूस बदलणं नाही, बरळणं नाही, पहाटेचं स्वप्न नाही. सकाळी उठायची तीही अर्धीच. चहाचा कप हातात, नजर कपापलीकडे कुठेतरी, आणि मघाशी सांगितलेलं पुन्हा विचारताना आवाजात ओशाळलेपणसुद्धा नाही.

काका गेले त्या आठवड्यात डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी थोड्या दिवसांपुरती होती. चिठ्ठी पिवळी पडली, कोपऱ्यावरचा औषधवाला ओळखीचा झाला, ०.२५ची ०.५ झाली. बाई सावरली, असं आम्ही नातेवाईक म्हणत राहिलो. शांत बाई सगळ्यांच्याच सोयीची. १९६३ साली याच कुळातली व्हॅलियम बाजारात आली, तेव्हापासून अशी सोय किती घरांनी करून घेतली असेल!

मेंदूची स्वतःची एक अंगाई असते. गाबा नावाचं रसायन पेशीच्या कानाशी लागून म्हणतं, पुरे आता. गोळी त्या कुजबुजीचा आवाज वाढवते. आणि महिनोन् महिने तो वाढलेला आवाज ऐकून सरावलेल्या पेशींना मग मूळची कुजबुज ऐकूच येईनाशी होते. अशात गोळी एकाएकी तोडली तर थरथर, घाम, कधी आकडीसुद्धा. न्यूकासलच्या डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२पासून बारा वर्षं अशाच माणसांसाठी क्लिनिक चालवलं. उतरायचं ते हळूहळू, आणि ज्याच्या त्याच्या चालीनं, असं त्यांचं सांगणं. त्यातलं ‘ज्याच्या त्याच्या’ मला फार आवडतं.

मावशीच्या डॉक्टरांनीही तीच वाट धरली. गोळी कमी होत गेली तसतसं जग मोठ्यानं वाजू लागलं: घड्याळाची टिकटिक, नळाची ठिबक, पहाटे जिन्यात दूधवाल्याची पावलं, सगळं तिच्या उघड्या कातडीवर येऊन आदळायचं. छातीत धडधड, रात्र सरता सरत नसे. मग स्वप्नं परतली, एकावर एक, गर्दी करून. एकात काका होते, छत्री विसरली म्हणून दारातून मागे वळलेले.

ती रडली.

पाव गोळी अजून आहे. घाई कुणालाच नाही. परवा माझ्या आमटीचा एक घोट घेऊन तिनं वाटी बाजूला सारली. “चिंच घातलीस की आमसूल, ते आधी ठरव,” म्हणाली आणि स्वतःच फोडणीला उभी राहिली. “आणि तो पंखा बंद कर. केवढा करकरतो मेला!”