कुंडी की खुनी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मेळघाट पाहून धारणीमार्गे बुऱ्हाणपूरला गेलो. बुऱ्हाणपूर म्हणजे माझ्या आईचं माहेर. बरोबर आई आणि माझी दोन मुलं, एक सातवीत, एक चौथीत.

मेळघाटात वाघ काही दिसला नाही. तरी मुलं खूश होती, आणि त्याचं श्रेय आमच्या कोरकू गाईडला. त्यानं जिप्सी थांबवून चितळाचा इशारा ऐकवला, अस्वलानं झाडावर मारलेले ओरखडे दाखवले. त्याच रस्त्यानं आम्ही एकटे गेलो असतो, तर नुसती झाडं बघून परतलो असतो.

बुऱ्हाणपुरात मात्र मला धाकधूक होती. पडके वाडे, तट, मकबरे... मुलं कंटाळणार! शाही किल्ल्यात एक गाईडकाका मिळाले. आमचं मराठी कानावर पडताच त्यांनी १६८१ साल काढलं: हंबीरराव मोहिते, मराठ्यांची फौज आणि बहादुरपुऱ्याची लूट. मुलं एकदम ताठ उभी! तेवढ्यात इंदूरचं एक कुटुंब आमच्यात येऊन मिळालं. काकांनी लगेच गाडी वळवली. १६३१ मध्ये मुमताज महल याच शहरात बाळंतपणात वारली, आधी तापीपलीकडच्या आहुखान्यात तिचं दफन झालं आणि नंतर तिला आग्ऱ्याला नेलं.

“काका, त्यांना वेगळंच सांगितलंत की!” धाकटीनं पकडलं.

“बेटा, ज्याला जे आवडतं ते आधी,” काका हसून म्हणाले.

दोन्ही गोष्टी खऱ्या. पण एकच गोष्ट ऐकून जाणारा माणूस अर्धंच शहर घरी घेऊन जातो, हे मला तिथं जाणवलं.

दुपारी त्याच काकांबरोबर लालबागेतल्या कुंडी भंडाऱ्यावर गेलो. लहानपणी मामाकडे यायचे तेव्हा या कुंड्या मी पाहिल्या होत्या. पाहिल्या म्हणजे काय, कठडा असलेली भोकं! कुणी काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही.

“काका, खून कुणाचा झाला?” थोरल्याचा पहिला प्रश्न. कारण लोक याला ‘खुनी भंडारा’ म्हणतात. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं तेही याच नावानं.

“खुनाची गोष्ट सांगितली की लोक खूश होतात,” काका म्हणाले. “कुणी सांगतं, इथं मुडदे टाकायचे. कुणी म्हणतं, पाणी लालसर दिसायचं. पण आधी खाली चला, मग ठरवा.”

लिफ्टनं सुमारे ८० फूट खाली उतरलो. गुडघाभर गार पाणी. काकांनी टॉर्च भिंतीवर धरला. भिंती पांढऱ्या, खडबडीत. “हात लावा. हा चुना. पाण्यातून येतो आणि थराथरानं बसतो.” मग त्यांनी टॉर्च बंद केला. “आता बोलू नका.”

अंधारात फक्त झिरपणाऱ्या पाण्याचा आवाज. माझी मुलं इतका वेळ गप्प राहिलेली मी कधी पाहिली नव्हती.

टॉर्च लावून मग काकांनी सगळं उलगडलं. सातपुड्यावरचा पाऊस जमिनीत मुरतो आणि तापीकडे वाहतो. ते पाणी वाटेत अडवून, हलक्या उताराच्या भुयारातून शहरात आणलं. पंप नाही, मोट नाही. वरच्या शंभरावर कुंड्या हवेसाठी, साफसफाईसाठी आणि पाणी शेंदण्यासाठी. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास हे काम झालं. आखणी फारसी भूगर्भतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याची. इराणातल्या कनातीची ही पद्धत. आपल्याकडे मलिक अंबरची नहर-ए-अंबरी त्याच जातकुळीतली.

“डोंगर उघडा झाला, बोअर वाढले, तर हे पाणी खाली जाणार,” काका म्हणाले. “तोच खरा खून.”

वर आलो तर आई एका कुंडीच्या कठड्याला टेकून आत डोकावत होती. गुडघ्यांमुळे ती उतरली नव्हती. मुलं धावत जाऊन तिला चुना, कनात, उतार सांगू लागली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आम्ही इथूनच पाणी न्यायचो. लहान मुलींना वाकून बघू देत नसत. माझी आई सांगायची, आत डोंगर राहतो, त्याला हाक मारायची नाही.”

काका चटकन म्हणाले, “माँजी, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. परत एकदा सांगा.” आणि इतका वेळ आम्हाला सांगणारा तो माणूस आईसमोर ऐकत उभा राहिला.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या कामातून फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ मध्ये एक पुस्तक लिहिलं. नुसती माहिती देणं म्हणजे उलगडून दाखवणं नव्हे, असं त्यांचं सांगणं. मला ते त्या कुंडीपाशी पटलं. माहिती पाटीवरही असते. टॉर्च कधी बंद करायचा, हे पाटीला कळत नाही.

तुम्ही मुलांना घेऊन कुठेही जाल, जंगलात किंवा किल्ल्यात, तर गाईड जरूर घ्या. त्याला आणखी एक गोष्ट विचारा, जी तो सहसा सांगत नाही. आणि घरचं कुणी त्या गावचं असेल, तर त्यांनाही बरोबर न्या. आमच्या आईला ८० फूट खाली काय आहे ते माहीत नव्हतं, आणि गाईडकाकांना कठड्यावरचं. मुलांना दोन्ही मिळालं.