कात्रजचा घाट आणि मोटारीचें कुळ

एखाद्यानें दुसऱ्यास भलत्याच वाटेला लावून चकविलें म्हणजे 'कात्रजचा घाट दाखविला' असें आपण म्हणतों. इ. स. १६६३ च्या एप्रिलांत शिवाजीमहाराजांनीं लाल महालांत शिरून शाएस्तेखानाचीं बोटें तोडलीं. त्या रात्रीं या घाटांत बैलांच्या शिंगांस पलिते बांधून पाठलाग करणाऱ्या मोगलांस चकविलें, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. मोगलांनीं उजेड पाहिला. तो कोण वाहून नेत आहे हें पाहिलें नाहीं. जुनी मोटार पारखणाऱ्यानें ही कथा ध्यानांत ठेवावी.

पुणें शहर आतां कात्रजला पोटांत घेऊन घाटाच्या पायथ्यापर्यंत येऊन ठेपलें आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं जेथून भुयारी नळानें शहरांतील हौदांस पाणी गेलें, तें तळें अद्याप आहे. भोंवतीं मात्र इमारतींची दाटी झाली आहे. साताऱ्याकडील मोठी वाहतूक नव्या बोगद्यानें जाते. जुना रस्ता वळणें घेत जुन्या बोगद्यापर्यंत चढतो आणि पलीकडे शिवापूरच्या अंगास उतरतो.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही या रस्त्यानें गेलों तें केवळ हवा खाण्याकरितां नव्हे. कात्रजच्या एका स्नेह्यांच्या घरीं तिघां भावांची वांटणी चालली होती. घर, भांडीं, दागिने यांचा निकाल लागला. घोडें अडलें तें वडिलांच्या १९५० सालच्या मॉरिस मायनर मोटारीपाशीं. थोरले बंधु ती ठेवून धाकट्या दोघांस पैसे देणार होते. इंजिन मूळचें असल्यास किंमत एक, बदललेलें असल्यास दुसरी. त्यांतून केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली, सांगाडा, बांधणी वा इंजिन यांत फेरफार न झालेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येते व तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. थोरल्यांस लहानपणीं आंब्याच्या फांदीला साखळीनें टांगलेलें इंजिन आठवत होतें. 'दादा किंमत पाडण्यासाठीं असें म्हणतो. दुरुस्तीसाठीं काढलें असेल,' हें धाकट्यांचें म्हणणें. जावाजावांचें बोलणेंहि बंद झालें होतें.

धाकट्या बंधूंनीं आम्हांस गाडींत बसवून घाट चढविला. गाडी कोठें न धापतां बोगद्यापर्यंत पोंचली. पाणीहि उकळलें नाहीं. 'मूळ इंजिन आहे म्हणूनच इतका दम!' असें ते हर्षानें म्हणाले. आम्हांस मात्र शंका आली ती तेथेंच.

अलेक इसिगोनिस यांनीं योजिलेली ही गाडी १९४८ सालीं बाजारांत आली. तिचें आरंभींचें इंजिन ९१८ घन सेंटिमीटरचें, झडपा बाजूस असलेलें आणि सुमारें २७ अश्वशक्तीचें होतें. पहिल्या गाड्यांत पाण्याचा पंपहि नव्हता. तापलेलें पाणी आपोआप वर जाई व थंड होऊन खालीं येई. १९५६ पासून मायनरला ९४८ घन सेंटिमीटरचें, ३७ अश्वशक्तीचें इंजिन बसूं लागलें. तेव्हां १९५० ची गाडी घाट इतक्या सहज चढली, हें तिच्या अस्सलपणास पोषक नसून बाधकच होतें. घाट इंजिनाचा दम सांगतो, कुळ सांगत नाहीं.

घरीं येऊन बॉनेट उघडलें. झडपा बाजूस असलेल्या इंजिनाचा माथा सपाट असतो व प्लग त्या माथ्यावरच उभे असतात. येथें माथ्यावर झडपांचें उंच झांकण होतें आणि प्लग कुशीला. म्हणजे इंजिन मॉरिस मायनरचेंच, पण या मायनरचें नव्हे.

दोन्हीं इंजिनें एकाच जातीचीं असतीं तर काम इतक्यावर भागलें नसतें. मग ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक नोंदणीपुस्तकांतील क्रमांकाशीं ताडून पाहावा लागतो. क्रमांकाची जागा घांसलेली आहे काय, आंकड्यांचें वळण, खोली व अंतर एकसारखें आहे काय, हें भिंगानें पाहावें. ब्लॉकवर ओतकामाची तारीख असल्यास ती गाडी तयार होण्यापूर्वींची असली पाहिजे. नंतरची निघाली तर वाद संपला. अखेरचा साक्षीदार म्हणजे कारखान्याची वही. मॉरिसच्या पुष्कळ गाड्यांच्या अशा नोंदी इंग्लंडांत गेडन येथील ब्रिटिश मोटार संग्रहालयांत असून, मूळ इंजिनाच्या क्रमांकाचा दाखला तेथून शुल्क देऊन मिळतो.

येथें वही घरांतच निघाली. वडिलांच्या ट्रंकेंत जुनें नोंदणीपुस्तक होतें. जुना क्रमांक खोडून १९६७ सालीं नवा क्रमांक लिहिलेला, वर कचेरीचा शिक्का. सोबत मोडीत निघालेल्या दुसऱ्या मायनरच्या इंजिनाची पावती. परदेशी मालाची आयात तेव्हां अतिशय जखडलेली होती. सुटे भाग मिळेनात म्हणून त्यांनीं गाडी चालती ठेवण्याचा हा मार्ग पत्करला आणि तो सरकारदफ्तरीं उघड नोंदविला. त्यांत लबाडी कसली?

धाकट्यांनीं पावती वाचून मुकाट्यानें थोरल्यांच्या हातीं दिली. किंमत कमी ठरली आणि ती दोघांनीं मान्य केली. त्या रात्रीं पुष्कळ दिवसांनीं घरांत सर्वांचीं पानें एकत्र मांडलीं गेलीं.

ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी असेल त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, इंजिन बदलावें लागल्यास खुशाल बदलावें. पण त्याची नोंद कायद्याप्रमाणें करावी, काढलेला भाग शक्यतों टाकूं नये आणि पावत्या जपून ठेवाव्या. मुलांना गाडीबरोबर तिचे कागद कोठें आहेत हेंहि आपल्या हयातींतच सांगून ठेवावें.