परतीच्या तारेची हकिकत

सात रस्ता, सोलापूर

चि. बाळ,

हेडफोन सुखरूप पोहोचल्याचे तुझे पत्र मिळाले, आणि त्यास नेहमीच्या निमुळत्या पिनेऐवजी चार दांड्यांचा हा जाड एक्सएलआर प्लग कशासाठी, हा तुझा प्रश्नही वाचला. वस्तू तुझ्या हवाली केली, तेव्हा तिची हकिकतही तुझ्या स्वाधीन करणे मला अगत्याचे वाटते.

सामान्य प्लगवर टोकाशी डाव्या कानाचा, मधल्या कड्यावर उजव्याचा आणि बुडाशी दोघांच्या परतीचा सामाईक, असे तीन संपर्क असतात. आपल्या सात रस्त्यावर निरनिराळ्या वाटांची वाहने एका चौकात येऊन एकमेकांस अडवितात, तशीच गत या सामाईक तारेत दोन्ही प्रवाहांची होते. तिचा रोध अर्धा ओहम आणि कानातील कॉइलचा 32 ओहम धरला, तर डावीकडच्या ध्वनीचा सुमारे पासष्टावा अंश, तोही उलट्या दिशेने, उजव्या कानात उतरतो. हा उपद्रव पुरातन आहे: आरंभीच्या टेलिफोनमध्ये एकच तार टाकून परतीचा मार्ग भूमीतून धरीत, व एका तारेवरचे संभाषण दुसरीवर ऐकू येई, अशा उपद्रवाच्या निवारणार्थ दोन तारांस पीळ देण्याचे पेटंट ग्रॅहम बेल यांनी 1881 साली मिळविले.

हॅनोव्हरनजीकच्या सेनहायझर कंपनीच्या 1997 सालच्या एचडी 600 मध्ये प्रत्येक कानास स्वतंत्र दोन पिनांची जोडणी असल्याने परतीच्या तारा वेगळ्या करण्यास केवळ केबल बदलून भागते. या हेडफोनची केबल मात्र एकट्या डाव्या बाजूने आत शिरत होती. म्हणून डावी बाजू उघडून, दोन्ही परतीच्या तारा जेथे एकत्र डाखल्या होत्या तो सांधा मी वितळविला, आणि चार तारांची नवी केबल घालून प्रत्येक कानास त्याची स्वतंत्र परत दिली. या तारांच्या केसासारख्या धाग्यांवर रोगणाचा लेप असतो. तो तापल्या कथिलात जळून गेल्यावाचून डाख धरीत नाही. पहिल्या दांडीवर डाव्याचे धन, दुसरीवर ऋण, तिसरीवर उजव्याचे धन, चौथीवर ऋण, असा क्रम मल्टिमीटरने ताडून पाहिला. शेवटची खातरजमा कानांनीच केली, कारण एका बाजूच्या तारा उलट लागल्या, तर मस्तकाच्या मध्यभागी उभा राहावयाचा गायकाचा स्वर विस्कटतो.

या ‘बॅलन्स्ड’ म्हणविणाऱ्या जोडणीस बाजारात अलौकिक गुण चिकटविले जातात. ते मला मान्य नाहीत. 300 ओहमच्या हेडफोनात सामाईक तारेची गळती मुळातच क्षुल्लक असते. परंतु या 32 ओहमच्या यंत्रात डावा तानपुरा डावीकडे व उजवा उजवीकडे अधिक स्पष्ट राहतो, एवढा लाभ खरा आहे, आणि तेवढ्यासाठी केलेले श्रम मला सार्थ वाटतात.

आता एक ताकीद. हा हेडफोन साध्या यंत्रास जोडावयाचा असल्यास दोन्ही ऋण तारा एकत्र करणारा अडॅप्टर खुशाल वापर. पण साधा हेडफोन अडॅप्टर लावून बॅलन्स्ड अॅम्प्लिफायरला कदापि जोडू नकोस, कारण त्यात दोन्ही बाजूंचे ऋण निर्गम एकमेकांस भिडतात व अॅम्प्लिफायर जळू शकतो.



तुझा,
मामा