श्रीवर्धनची वाडी आणि वादळाची वर्दी

गेल्या माघांत श्रीवर्धनास जाण्याचा योग आला. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचें हें मूळ गांव. पण आमच्या लहानपणीं त्याची खरी ओळख होती ती रोठा सुपारीमुळें. वाडींत पाऊल टाकलें कीं भर दुपारींहि ऊन अंगास लागत नसे. या खेपेस बांधावर उभा राहिलों आणि आधीं दृष्टीस पडलें तें उघडें आभाळ.

३ जून २०२० रोजीं दुपारीं 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आंत शिरलें. वाऱ्याचा वेग ताशीं ११० ते १२० किलोमीटर. कांहीं तासांत पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले माड व पोफळी आडव्या झाल्या.

"वर्दी मिळाली नव्हती काय?" मीं यजमानांस विचारलें.

"मिळाली तर! सरकारी माणसें दारोदार सांगत फिरलीं, समुद्राकाठचीं कुटुंबें शाळांतून नेऊन ठेवलीं. माणसें त्यामुळेंच वांचलीं. पण माडाला का शाळेंत नेऊन बसवितां येतें?"

यावर काय बोलावें हें मला सुचलें नाहीं.

वर्दी वेळेवर पोहोंचणें म्हणजे काय, हें या किनाऱ्यास पूर्वी एकदां फार कठोरपणें कळलें होतें. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं 'फयान' वादळ आलें, तेव्हां कित्येक नौका खोल समुद्रांत होत्या. वेधशाळेचा इशारा बंदरापर्यंत आला. पुढें पाण्यावर तो कोणीं न्यावा? २०१७ सालीं 'ओखी'नें केरळ-तमिळनाडूच्या कोळ्यांवर तोच प्रसंग आणला. त्यानंतर, २०१९ मध्यें, उपग्रहावाटे भर समुद्रांत संदेश पोहोंचविणारें 'जेमिनी' नांवाचें उपकरण निघालें. तें ऐकवितें, उलट बोलूं देत नाहीं; तरी नौकेवरच्या माणसास तेवढेंहि पुष्कळ. मुंबईस कुलाब्याच्या डॉप्लर रडारला २०२२ च्या जानेवारींत वेरावलीच्या दुसऱ्या रडारची जोड मिळाली. पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरींत जो सूक्ष्म फरक पडतो, त्यावरून वारा जवळ येतो कीं दूर जातो हें त्यास उमगतें. आमच्या आजोबांनीं हें ऐकलें असतें तर पंचांग मिटून ठेवलें असतें, असें मात्र मी म्हणणार नाहीं!

परंतु 'निसर्गा'च्या माऱ्यांत विजेचे खांब आणि मोबाईलचे मनोरेच कोलमडले. आईबाप सुखरूप आहेत एवढें कळावयासहि मुंबई-पुण्याच्या मुलांना दिवस मोजावे लागले. वेधशाळा बोलत होती. गांवास कानच उरले नव्हते. यजमानांनीं तेव्हांपासून सेलवर चालणारा एक लहान रेडिओ माजघरांतल्या खुंटीस टांगून ठेवला आहे.

संध्याकाळीं त्यांनीं मला नवीं रोपें दाखविलीं. पोफळ धरावयास सहासात वर्षें लागतात, आणि त्यांचें वय आज अठ्ठ्याहत्तर. माझ्या मनांतला प्रश्न ओळखून ते म्हणाले, "नातवाला सांगून ठेवलें आहे," आणि पाटाचें पाणी आळ्यांत वळवूं लागले.