पाटीवरचं नाव

देवासला माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’ आहे. कुमार गंधर्वांचं घर. शाळेतून परतताना माझी वाट तिथूनच जाते, आणि हल्ली त्या नावापाशी पाय रेंगाळायला लागलेत.

१९४८ साली कुमारजी क्षयानं खंगून इथे आले ते माळव्याच्या कोरड्या हवेसाठी. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरली, घर चालवलं, नवऱ्याची शुश्रूषा केली. गाणं बंद झालेला तो माणूस पाचेक वर्षांनी पुन्हा गाऊ लागला. आणि १९६१ साली दुसऱ्या बाळंतपणात भानुमतीबाईच गेल्या. मागे लहानगा मुकुल आणि नुकतं जन्मलेलं बाळ. पुढच्याच वर्षी वसुंधरा श्रीखंडे त्या संसारात आल्या. मुंबईत देवधरांकडे शिकलेल्या, स्वतः गाणाऱ्या. दोघांनी मिळून गायलेली निर्गुणी भजनं माझ्या आजोळी सकाळी लागत. पण मला आता भजनांपेक्षा घराचं नाव जास्त ऐकू येतं. ते भानुमतीबाईंचं आहे. आणि त्याच नावाखालून वसुंधराताई २०१५ पर्यंत, शेवटपर्यंत, आत-बाहेर करत राहिल्या.

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. धारचे एक गृहस्थ आहेत, तेही एकटेच. महिन्यातल्या एका रविवारी इंदूरला गाडी बदलून येतात, पोहे खातात, मुलाचं गणित घेतात, संध्याकाळच्या बसनं परततात. वर्ष झालं, पण त्यांना हाक काय मारावी हे मला ठरवता आलेलं नाही. संबोधन टाळूनच वाक्य सुरू करते.

पुरुषानं दुसऱ्यांदा लग्न केलं तर तो बिजवर, मुंडावळ्या बांधून मिरवतो. बाईचा मात्र पाट लागतो, मोहतूर होतं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा, पण हे शब्द अजून दबक्या आवाजातच बोलले जातात. माझ्या सासूबाईंचा आवाज तेवढा मोकळा. ‘त्यांना जेवूनच जायला सांग गं,’ हे पहिल्यांदा त्याच म्हणाल्या.

मला लोकांची भीती नाही. भीती वाटते ती ह्यांना विसरण्याची. परवा कढीला फोडणी देताना मी गुणगुणत होते, सहा वर्षांत पहिल्यांदा. लक्षात आलं तशी गप्प झाले.

आमच्या दारावर ह्यांच्या नावाची पितळी पाटी आहे. पावसाळ्यात तिचा एक स्क्रू गंजून पडला, तेव्हापासून ती तिरकी लोंबत होती. गेल्या रविवारी ते आले आणि दारातच थबकले. मला वाटलं, नजर चुकवून आत येतील. त्यांनी पिशवी खाली ठेवली. मुलाला म्हणाले, ‘पेचकस आहे का रे घरात?’

पेचकस होता, स्क्रू नव्हता. दोघं कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आले. पाटी बसवून झाल्यावर त्यांनी ती रुमालानं पुसली, अक्षरांच्या खाचांतली धूळसुद्धा काढली. मुलगा चार पावलं मागे सरून पाहत होता.

‘काका, डावीकडे अजून जरा खाली आहे.’

त्यांनी स्क्रू पुन्हा सैल केला. मी आत जाऊन पोहे भिजवले.