कानांचीं कवाडें

सोलापुरांत राहून ज्याला गाणें ऐकावयाचें आहे, त्यानें प्रथम मागाशीं तह केला पाहिजे. शहराच्या पूर्व भागांत चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग गल्लोगल्लीं चालतात. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेंकला जातो, तेव्हां होणारा खटखटाट खिडकींतून, भिंतींतून आणि जमिनींतूनहि आमच्या घरांत येतो. येथील चादरीची कीर्ति दूरवर गेली आहे; तिच्याबरोबर विणला जाणारा नाद मात्र आम्हां गांवकऱ्यांनाच फुकट मिळतो. अशा ठिकाणीं अमीर खाँसाहेबांचा दरबारी लावून बसणें म्हणजे भरबाजारांत कानगोष्ट करण्यासारखें आहे. तो संथ आलाप, तो आंदोलित गंधार, मागचा तंबोऱ्याचा गुंजारव, सारेंच बुडून जातें. आवाज वाढवावा, तर शेजारी हैराण आणि आपण बहिरे!

म्हणून आम्हीं हेडफोन घेण्याचें ठरविलें, आणि चौकशी करतां कळलें कीं यांतहि उघडे व बंद असे दोन पंथ आहेत. वस्तु तशी जुनीच. १९१० च्या सुमारास नॅथॅनिएल बाल्डविन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें स्वयंपाकघरांत बनविलेले हेडफोन तेथील आरमारानें घेतले; १९५८ सालीं जॉन कॉस यानें स्टिरिओ संगीतासाठीं ते पुढें आणले; आणि १९६८ सालीं जर्मनींतील झेनहायझर कंपनीनें ‘एचडी ४१४’ हा उघड्या पाठीचा हेडफोन काढला. या उघड्या प्रकारांत ध्वनि मागल्या बाजूनेंहि मोकळा सुटतो, त्यामुळें गाणें डोक्यांत न कोंडतां समोर बैठक भरल्यासारखें भासतें. रसिकांचा ओढा याकडेच असतो, व तो रास्तहि आहे. परंतु ज्या वाटेनें आंतला स्वर बाहेर जातो, त्याच वाटेनें बाहेरचा माग आंत शिरतो. आमच्यापुरता वाद तेथेंच मिटला.

बंद पाठीचा पत्करला म्हणजे त्याचे अवगुणहि ओळखले पाहिजेत. कपाच्या आंतल्या भिंतींवर आदळून ध्वनि परततो, आणि बांधणी हलकी असेल तर घागरींत तोंड घालून बोलल्यासारखा खर्ज घुमूं लागतो. दुकानांत विक्रेता नेमकें ढोलाचा धमाका असलेलें गाणें लावतो, आणि भोळें गिऱ्हाईक त्या घुमण्यालाच उत्तम ध्वनि समजतें. त्यापेक्षां आपल्या पूर्ण परिचयाचें एखादें ध्वनिमुद्रण सोबत न्यावें. डग्गा आणि तंबोरा वेगवेगळे ऐकूं येतात, कीं वरण-भातासारखे कालवले जातात, एवढें पाहिलें कीं निम्मी परीक्षा झाली.

राहिलेली निम्मी परीक्षा गादीची. कानाभोंवतीं ती जितकी घट्ट बसेल तितका बाहेरचा आवाज कमी. आम्हां चष्मेवाल्यांची येथें मोठी अडचण होते. चष्म्याच्या काडीनें पडलेल्या बारीक फटींतून बाहेरचा गोंगाट आंत येतोच, शिवाय आंतला खर्जहि निसटतो. तेव्हां चष्मा लावूनच हेडफोन पारखावा. दुसरी अडचण आमच्या उन्हाळ्याची. वैशाखांत पारा ४० अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हां कातडी वेष्टणाची गादी दहा मिनिटांत घामानें निथळते. मखमली वेष्टण सुखाचें, पण तें आवाज कमी अडवितें. आम्हीं कातडी गादी घेतली, आणि उन्हाळ्यांत ऐकणें रात्रीवर ढकललें.

विजेच्या युक्तीनें गोंगाट मारणारेहि हेडफोन आहेत. १९७८ सालीं विमानप्रवासांत अमर बोस यांना ती कल्पना सुचली, आणि विमानाच्या एकसुरी घरघरीवर ती उत्तम चालते. पण धोट्याचा ठोका एकसुरी नसतो. तो अवचित येतो. असल्या कडक ठोक्यांना जाड कप आणि घट्ट गादी हाच उतारा आम्हांला अधिक भरंवशाचा वाटला. जमिनींतून अंगाला जाणवणारी धडधड मात्र कोणताहि हेडफोन थांबवीत नाहीं. घरांतून जेवावयास मारलेली हांक मात्र हटकून थांबते, याबद्दल आम्हांला रोज बोलणीं खावीं लागतात.

तरीहि खरा लाभ निराळाच आहे. बाहेरचें दबलें म्हणजे आंतलें हळू लावतां येतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलचा आवाज आठवड्यांत ४० तास निर्धास्त ऐकावा. ९० डेसिबलचा मात्र चारच तास. हा हिशेब वाचला, तेव्हां आम्हांला आमच्या कानांपेक्षां मागावर उभ्या राहणाऱ्यांचे कान आठवले. माग चालू असतां त्यांच्या कानांवर ९० च्या वरचा आवाज आदळतो, आणि त्यांची पाळी रोजची असते. कित्येकजण कानांत कापसाचे बोळे घालतात. कापूस त्यांच्या हाताशीं असतो, एवढाच त्यांचा बंदोबस्त.

आमच्या गल्लींतले एक विणकर एकदां घरीं आले होते. ते घरांतहि मोठ्यानें बोलतात, आणि दुसऱ्याचें बोलणें त्याच्या ओठांकडे पाहून ऐकतात. आम्हीं कौतुकानें हेडफोन त्यांच्या कानांवर चढविला. गाणें अजून लावलें नव्हतें. शेजारचा माग चालूच होता. ते बराच वेळ तसेच बसून राहिले. मग कप किंचित् बाजूला करून त्यांनीं विचारलें, “गाणें नसलेलें मिळतें का?”

मिळतें, आणि आमच्या हेडफोनापेक्षां बरेंच स्वस्त मिळतें. विमानतळावर कामगारांच्या कानांवर असतात तसलीं झांकणें. दुसऱ्या दिवशीं त्यांच्यासाठीं एक जोड आणावयास आम्ही बाजारांत गेलों. त्यांनीं दोन सांगितले होते, दुसरा मुलासाठीं.